धुऱ्यावरची तूर

साकोली तालुक्यात आमची वडिलोपार्जित धानाची बांधी आहे. आम्ही मात्र नागपूरकर. भंडाऱ्याकडे बांधाला धुरा म्हणतात आणि धुऱ्यावर तूर लावतात. गेल्या वर्षी ती तूरच भांडणाचे मूळ ठरली.

"काकाजी, धुरा आमच्याकडे सरकला आहे," मी शेजारच्या म्हाताऱ्यांना म्हणालो.

"धुऱ्याले पाय फुटले काय, बाबू?"

आता बोलावे काय? हद्दीचे दगड बेपत्ता! मी मोजणीचा अर्ज केला, फी भरली. काकाजींना नोटीस गेली. धान निघाल्यावर, मार्गशीर्षात, मोजणीदार नकाशा घेऊन आले. एका कोपऱ्यात वीतभर खणताच जुना दगड लागला. काकाजींचा धुरा तीन फूट आमच्या हद्दीत निघाला. लांबी सुमारे ३६० फूट. आता ३३ फूट चौरसाचा गुंठा, तेव्हा एवढा आटापिटा जेमतेम एका गुंठ्यासाठी!

तरी मी विजयी मुद्रेने पाहिले. मोजणीदार शांतपणे म्हणाले, "आम्ही हद्द दाखवतो, ताबा देत नाही. त्यासाठी निराळी दाद मागावी लागते. आणि साहेब, १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे हद्दीच्या खुणा सांभाळणे जमीनधारकाचे काम. तुम्ही हा दगड शेवटचा केव्हा पाहिलात?"

वडिलांच्या मागे मी कधी शिवार फिरलोच नव्हतो. काकाजींनी तर तिथे उभा जन्म काढलेला.

कोर्टाची पायरी टळली. तूर काकाजींनी काढायची, मग धुरा नव्या खुणेवर घालायचा, असे ठरले. दगड दोघांनी मिळून रोवले.

पौषात नागपुरास हिरव्या शेंगांची पिशवी आली. सौभाग्यवतीने त्या मीठ घालून उकडल्या.