वाफसा सांभाळा, जमीन राखा

बंगळुरूहून होसूरकडे जाणाऱ्या महामार्गावर बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिकाही तेथवर पोहोचली. मात्र हे गाव ज्या आनेकल तालुक्यात मोडते, तेथे कारखान्यांच्या पलीकडे लाल मातीत आजही नाचणी पिकते. नोकरीनिमित्त येथे स्थायिक झालेल्या ज्या मराठी कुटुंबांची शेती गावाकडे, काळ्या मातीत आहे, त्यांचा तिच्याशी संबंध बहुधा दूरध्वनीवरूनच येतो. ट्रॅक्टर ठरवला जातो, भाडे पाठवले जाते, काम उरकल्याचे कळते. या व्यवहारात एक प्रश्न मात्र राहून जातो: ट्रॅक्टर शेतात उतरला तेव्हा जमिनीला वाफसा आला होता काय?

चाकाखाली काय घडते?

चांगल्या जमिनीच्या घनफळाचा सुमारे निम्मा भाग पोकळ्यांचा असतो. त्यांतूनच हवा व पाणी खेळते आणि मुळे वाट काढतात. ओल्या मातीचे कण एकमेकांवरून सहज सरकतात. त्यामुळे चाकाचा भार पडताच पोकळ्या मिटतात. मातीचा प्रतिकार दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २० किलोच्या पुढे गेला, की बहुतेक पिकांच्या मुळांची वाढ खुंटते. मग पाणी साचते, खत वाया जाते आणि उघडीप पडताच पीक सुकू लागते.

वरच्या थरावरील ताण मुख्यतः टायरमधील हवेच्या दाबावर, तर खोल थरावरील ताण आसावरील एकूण वजनावर अवलंबून असतो. पाश्चात्त्य देशांत धान्याने भरलेल्या कापणी-मळणी यंत्राचे वजन १९५८ मध्ये सुमारे ४ टन होते, ते २०२० पर्यंत सुमारे ३६ टनांवर गेले, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो. आपल्याकडील ट्रॅक्टर तुलनेने हलका असला, तरी उसाने भरलेली ट्रॉली ओल्या रानातून ओढली जाते तेव्हा धोका तोच असतो.

लाल माती, काळी माती

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि काही अंशी स्वतःच मोकळी होते. पण ओली असताना ती भार मुळीच पेलत नाही. लाल मातीला अशा भेगा फारशा पडत नाहीत. ती वाळताच कडक होते आणि एकदा दबली की दीर्घकाळ तशीच राहते. खोल थरातील घट्टपणा तर दोन्ही मातींत वर्षानुवर्षे टिकतो.

उपाय हाताशी आहेत

वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. तो फुटून विखुरला तर वाफसा आला असे समजावे. जसाच्या तसा राहिला तर थांबावे. चाकांच्या पहिल्याच फेरीत बहुतांश हानी होते. म्हणून चाकांचे मार्ग ठरवून घ्यावेत आणि दरवेळी त्यांवरूनच जावे. ऑस्ट्रेलियातील अनेक ऊस उत्पादकांनी याच हेतूने सरींचे अंतर तोडणी यंत्राच्या चाकांशी जुळवून घेतले. ट्रॉली शक्यतो बांधावरच उभी करावी. टायरमधील हवा उत्पादकाच्या तक्त्यानुसार शेतकामापुरती कमी करावी.

एकाच खोलीवर वारंवार नांगरट केल्यास तळाशी कडक थर तयार होतो. खड्डा खणून पाहावा. मुळे आडवी वळलेली दिसली, तरच सबसॉयलर वापरावा, आणि तोही जमीन कोरडी असताना. ओल्या जमिनीत त्याचा खर्च व्यर्थ जातो. शेणखत, ताग व धैंचा मातीची घडण सुधारतात. बंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने नाचणीच्या आठ ओळींमागे तुरीच्या दोन ओळींची शिफारस केली आहे. तुरीची खोल मुळे जमिनीत वाटा करून देतात.

यंत्रासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता ठरलेल्या तारखेला भरावाच लागतो. तो ज्या उत्पन्नातून भरायचा, ते मात्र मातीच्या पोकळ्यांवर अवलंबून असते. भाड्याचा ट्रॅक्टर पुन्हा लवकर मिळणार नाही, या भीतीने अनेकदा घाई केली जाते. अशा वेळी दोन दिवसांचा विलंब परवडतो, दबलेली जमीन परवडत नाही. म्हणून दूर राहणाऱ्या मालकाने भाडे ठरवण्यापूर्वी गावातील जाणत्या माणसाला मातीचा गोळा करून पाहण्यास सांगावे. या परीक्षेला एक पैसाही लागत नाही.