कारवानी कीं पश्मी?

मुंबईच्या उपनगरांतील वाकोला हें एके काळीं साष्टी बेटांतील भातशेतीचें गांव होतें. आज तेथें भाताचें खाचर औषधालाहि सांपडत नाहीं; घराला घर लागलें आहे, आणि वाकोल्याचा नाला इमारतींच्या पाठीमागून वाहत जाऊन मिठी नदीला मिळतो. अशा ठिकाणीं शेतकी मासिकाच्या लेखकांचें काय काम, असें वाचकांस सहजच वाटेल. परंतु उदगीरकडील आमच्या एका सभासदाचे धाकटे बंधु तेथें राहतात, व त्यांच्या घरीं एका कुत्र्यावरून निघालेला वाद मिटविण्यासाठीं आम्हांस बोलावणें आलें होतें.

वाद असा होता. या गृहस्थांनीं मोबाइलवरील छायाचित्र पाहून, पश्मी म्हणून, दीड महिन्याचें एक पिल्लूं भारी किंमत देऊन घेतलें. कानांवर व शेपटीवर लांब केंस अजून नाहींत, ते पुढें येतील, असें विकणारानें सांगितलें होतें. आतां कुत्रा दहा महिन्यांचा झाला, उंचीनें वाढला, परंतु कान जसे होते तसेच गुळगुळीत राहिले. धाकटे बंधु म्हणाले, “दादा, आपण फसलों. हा पश्मी नव्हे, साधा कारवानी आहे.” वडील बंधु उसळून म्हणाले, “अरे, कारवानी साधा कधींपासून झाला?” आम्हीं दोघांचें ऐकून घेतलें, कुत्र्यास रस्त्यावर फिरवून पाहिलें, आणि निकाल दिला. तो शेवटीं सांगूं. असा प्रश्न आमच्या पुष्कळ वाचकांपुढें केव्हांना केव्हां येतो, म्हणून त्याचें मूळ आधीं पाहिलें पाहिजे.

कारवानी व पश्मी हे दोन्ही कुत्रे वासाच्या मागें जाणारे नव्हेत. नजरेनें सावज हेरावें आणि वेगानें तें गांठावें, हा त्यांचा धर्म. लांब निमुळतें तोंड, खोल छाती, पाठीकडे ओढलेलें पोट, किंचित् कमानदार कंबर व लांब पाय ही दोघांचीहि ठेवण. पूर्ण वाढलेला कारवानी नर खांद्याशीं सुमारें २७ ते २९ इंच उंच भरतो, मादी त्याहून दोनएक इंच कमी. पश्मीहि याच मापाचा असतो. हे कुत्रे भरधांव निघाले म्हणजे त्यांची पाठ धनुष्यासारखी वांकते व सुटते, आणि प्रत्येक झेपेंत चारहि पाय दोनदां जमिनीवरून सुटतात. एकदां पाय पोटाखालीं गोळा होतात तेव्हां, आणि एकदां पुढेंमागें ताणले जातात तेव्हां. हें ज्यानें मोकळ्या माळावर एकदां पाहिलें त्यास या कुत्र्यांची किंमत निराळी सांगावी लागत नाहीं.

दोन्ही नांवें फारसींतून आलेलीं आहेत. कारवान म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, आणि पश्म म्हणजे लोकर. चौल व दाभोळ या बंदरांतून अरबस्तान व इराणचे घोडे दख्खनच्या सुलतानांसाठीं उतरत असत. त्याच मार्गानें, किंवा उत्तरेकडून आलेल्या तांड्यांबरोबर, या कुत्र्यांचे पूर्वज इकडे आले असें परंपरेनें मानतात. पश्चिम आशियांतील सलुकी कुत्र्याशीं त्यांचें रूप इतकें जुळतें कीं, हें मानणें अवघड वाटत नाहीं.

आतां भेद पाहूं. तो मुख्यतः केंसांचा आहे. कारवान्याचे केंस सर्वांगावर आखूड व अंगाबरोबर बसलेले असतात. पश्मीच्या कानांस, शेपटीस व पायांच्या मागील बाजूस रेशमासारख्या लांब केंसांची झालर असते. गंमत अशी कीं, सलुकीमध्यें नेमके हेच दोन प्रकार आढळतात, आणि इंग्लंडच्या केनेल क्लबानें १९२३ सालीं सलुकीस मान्यता दिल्यापासून आखूड केंसांचे व झालरीचे असे दोन्ही कुत्रे एकाच जातींत गणले जातात. तिकडे ज्यांस एका जातीचे दोन प्रकार म्हणतात, तशांनाच आपल्याकडे दोन जाती म्हणण्याचा प्रघात आहे.

सलुकी पाळणारांस आणखी एक गोष्ट अनुभवानें ठाऊक आहे. झालरीचा गुण आखूड केंसांच्या गुणाखालीं दबून राहतो. म्हणून आखूड केंसांच्या जोडप्यास झालरीचें पिल्लूं होऊं शकतें. परंतु दोन्ही आईबाप झालरीचे असतील तर पिल्लें झालरीचींच निपजतात. शिवाय झालर जन्मतः नसते, ती वयाबरोबर भरत जाते. यावरून शेतकऱ्यानें दोन बोध घ्यावेत. कारवानी जोडप्याच्या पोटीं झालरीचें पिल्लूं आलें तर मादीवर लगेच संशय घेऊं नये. आणि लहान पिल्लाच्या कानांकडे पाहून सौदा करूं नये, त्याच्या आईबापांकडे पाहून करावा.

शेताच्या दृष्टीनें विचारल्यास, कुसळें व गोखरू पुष्कळ असलेल्या रानांत कारवानी सोईचा. त्याच्या अंगावर कांटा अडकत नाहीं, गोचीड चटकन् दिसतो, आणि पावसाळ्यांत चिखल लवकर झडतो. पश्मीच्या झालरींत कुसळें गुंततात व तीं वेळीं काढलीं नाहींत तर कातडींत शिरतात. त्यामुळें रोज फणी फिरविण्याइतकी सवड ज्यास आहे त्यानेंच पश्मी ठेवावा. बाकी खोड दोघांची एकच आहे. दोघेहि परक्याशीं तुटक वागतात, मार सहन करीत नाहींत, आणि ज्याच्या हातची भाकरी व माया मिळते त्याचेंच ऐकतात.

संगोपनाचे नियमहि दोघांस सारखेच लागू आहेत. यांच्या अंगावर चरबी थोडी, म्हणून थंडींत गोणपाटाचें तरी अंथरूण द्यावें. छाती खोल असल्यामुळें पोट फुगून पीळ पडण्याचें भय असतें. यास्तव भरपेट खाऊं घालून लगेच धांवडवूं नये. शस्त्रक्रियेचा प्रसंग आल्यास हा नजरेनें शिकार करणाऱ्या जातीचा कुत्रा आहे असें पशुवैद्यांस आधीं आवर्जून सांगावें, कारण भुलीचीं कांहीं औषधें, विशेषतः थायोपेंटोन, या जातींच्या शरीरांतून फार सावकाश निघतात व कुत्रा उशिरां सावध होतो. पिसाळ रोगाची लस तिसऱ्या महिन्यांत टोंचावी व पुढें पशुवैद्यांच्या सल्ल्यानें ती नियमानें चालूं ठेवावी.

पूर्वीं हे कुत्रे सशाच्या शिकारीसाठीं पाळीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ती शिकार गुन्हा ठरली आहे, आणि तें योग्यच झालें. परंतु काम गेलें म्हणजे जातीला दुर्दैव ओढवतें, हा अनुभव बैलांच्या बाबतींत आपण घेतलाच आहे. आतां या कुत्र्यांकडे राखण राहिली, आणि तिच्याबरोबर दोन लोभ आले. पहिला लोभ शर्यतीचा. थोड्या अंतराच्या शर्यतींत ग्रेहाउंडला तोड नाहीं, म्हणून कारवानी मादीस ग्रेहाउंड दाखवून पुढच्या पिढीची तीच पिल्लें शुद्ध म्हणून विकण्याचा प्रकार चालतो. ग्रेहाउंड उत्तम कुत्रा आहे; परंतु खडकाळ माळावर, उन्हांत, भाकरी-ताकावर दमानें टिकणारें रक्त निराळें आहे, आणि तें एकदां पातळ झालें म्हणजे पुन्हा दाट होत नाहीं. दुसरा लोभ शहरच्या पैशाचा. वाकोल्यास आम्हीं पाहिलें तें त्याचेंच फळ.

या ठिकाणीं नांवांच्या घोटाळ्याविषयीं थोडें लिहिणें अवश्य आहे. मुधोळ हें घोरपड्यांचें मराठी संस्थान. तें १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि राज्यपुनर्रचनेनंतर तिकडे गेलेला तो प्रदेश आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यांत मोडतो. तेथील अधिपति मालोजीराव घोरपडे यांनीं या कुत्र्यांची जोपासना केली व एक जोडी बादशहा पंचम जॉर्ज यांस नजर केली, असें सांगतात. तेव्हांपासून कारवान्यास मुधोळ हेंहि नांव पडलें. केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्याची नोंद कारवान हाउंड या नांवानें करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब तीच मुधोळ हाउंड या नांवानें करतो. कुत्रा एक, दप्तरें दोन. मग विकणारानें तिसरें नांव सांगून अधिक दाम उकळले तर नवल तें काय?

मुधोळ नांवाचें भाग्य मात्र उघडलें. २००५ सालीं टपाल खात्यानें काढलेल्या श्वानांच्या तिकिटांत तें आलें. मुधोळजवळ तिम्मापूर येथें या कुत्र्यांसाठीं संशोधन केंद्र झालें. २०१६ सालीं सैन्यानें सहा पिल्लें शिकवून पाहण्यासाठीं मीरतला नेलीं. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें २०२० सालीं देशी कुत्र्यांच्या ज्या पहिल्या तीन जाती नोंदल्या त्या राजापालयम, चिप्पीपराई व मुधोळ ह्या. त्यांत मुधोळचें मूळस्थान कर्नाटक लिहिलें गेलें. कर्नाटकाच्या लोकांनीं आपलें काम चोख केलें, त्यांचा हेवा करण्यांत अर्थ नाहीं. परंतु लातूर, उदगीर व त्यांच्या आसपासच्या गांवांतून पिढ्यान्पिढ्या जोपासलेले कारवानी व पश्मी कोणीं लिहून ठेवावयाचे? देवणी गाईची आई, आजी व वळू तोंडपाठ सांगणारा आमचा मराठवाड्यांतील शेतकरी दारच्या कुत्रीचा बाप कोण हें विचारल्यावर हंसतो. हें हंसणें आतां महाग पडत आहे.

म्हणून आमचें सांगणें असें आहे. ज्यांच्या दारीं चांगली कारवानी किंवा पश्मी मादी आहे त्यांनीं एक वही घालावी. मादी कोणत्या नराला, कोणत्या तारखेस दाखविली, पिल्लें किती झालीं, रंग व केंस कसे, कोणास दिलीं, हें तींत लिहावें. गर्भ सुमारें ६३ दिवसांचा असतो, त्यामुळें तारखेवरून बापाची खात्रीहि पटते. झालरीचें पिल्लूं झालें तर तेंहि लपवूं नये, लिहावें. पैदास करून पिल्लें विकणारास २०१७ च्या नियमांप्रमाणें राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि आठ आठवड्यांच्या आंतील पिल्लूं विकतां येत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. घेणारानें पिल्लाबरोबर त्या वहीच्या पानाची नक्कल मागावी व शक्य तर आईबाप डोळ्यांनीं पाहावेत. आणि देणारानेंहि एक प्रश्न विचारावा: हा कुत्रा धांवणार कोठें?

वाकोल्यास आम्हीं हाच प्रश्न विचारला. कुत्रा निःसंशय कारवानी होता. हाडानें मजबूत, छातीनें खोल, नजरेनें तेज. आम्हीं धाकट्या बंधूंस म्हणालों, “तुम्ही नांवांत फसलांत, कुत्र्यांत नाहीं. परंतु कुत्रा मात्र तुमच्यांत फसला आहे.” दहा पावलांची गच्ची, सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या रस्त्यावर दोरीनें एक फेरी, दरवाजाच्या चौकटीवर त्यानें दांतांनीं केलेल्या खुणा आम्हीं त्यांस दाखविल्या. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मुलांस त्याचा लळा होता.

पुढच्या रविवारीं वडील बंधूंनीं कुत्र्यास आपल्याबरोबर गांवीं नेलें. त्यांचें पत्र नुकतेंच आलें आहे. पहिल्या दिवशीं तो बांधावरच उभा राहिला, मोकळ्या रानांत काय करावें हें त्यास उमजेना; तिसऱ्या दिवशीं धांवला, आणि तळपाय सोलून घेऊन परत आला. आतां पाय बरे आहेत. मुलें दिवाळीच्या सुटींत त्यास पाहावयास जाणार आहेत. पत्राच्या शेवटीं त्यांनीं कळविलें आहे कीं, वही घातली असून पहिल्या पानावर आईबापांच्या जागीं ‘अज्ञात’ असें लिहावें लागलें. पुढच्या पानांवर तो शब्द पुन्हा येऊं नये, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.