शाळेचा हिशेब कोण मागणार?

१४ एप्रिल उलटला की आठवडाभरात आमच्या वस्तीत जयंती मंडळाचा जमाखर्च फळ्यावर लागतो. वर्गणी किती जमली, मंडपाला किती गेले, बॅन्डला किती, शिल्लक किती, सगळे लिहिलेले असते. शंभर रुपयांचा मेळ बसला नाही तर बैठकीत खडाजंगी होते. आणि हीच माणसे आपली लेकरे ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाठवतात, तिथे वर्षाला किती पैसा येतो आणि तो कुठे जातो, असे विचारले तर एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. वर्गणीचा पैसा आपला आणि शाळेचा पैसा सरकारचा, ही समजूत आपल्या डोक्यात घट्ट बसली आहे. ती खोटी आहे आणि तिची किंमत आपली मुले मोजत आहेत.

काही वर्षांपूर्वी एक माऊली माझ्याकडे आली. मजुरी करणारी, चौथीपर्यंत शिकलेली. तिचे काम रेशनकार्डाचे होते. बोलता बोलता कळले की ती गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. मी विचारले, बैठकीत काय ठरते? ती म्हणाली, "दादा, बैठक कुठली? वही घरी येती, मी सही करती. कशावर केली ते नाय ठाऊक."

आम्ही माहितीच्या अधिकारात कागद काढले. इतिवृत्तात वर्षभराच्या बैठका रीतसर झालेल्या होत्या. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचे बिल मंजूर होते, खाली तिची सही होती. मुले मात्र घरून बाटलीत पाणी नेत होती. पुढच्या बैठकीला ती स्वतः शाळेत गेली आणि बिल दाखवा म्हणाली. कोणावर कारवाई झाली नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण दोन महिन्यांत टाकी दुरुस्त झाली आणि त्यानंतर वही कोणाच्या घरी गेली नाही. एका बाईच्या एका प्रश्नाची ही ताकद आहे.

तो प्रश्न विचारण्याचा हक्क तिला कोणी मेहेरबानीने दिलेला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २१ वाचा. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या महिला असल्या पाहिजेत, वंचित आणि दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे. शाळेला मिळणाऱ्या अनुदानाच्या वापरावर देखरेख ठेवणे हे या समितीचे कायद्याने ठरवलेले काम आहे. कलम २२ त्याच्याही पुढे जाते. समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि शासनाने त्या आराखड्याच्या आधारे अनुदान द्यायचे, असे ते कलम सांगते. म्हणजे कायद्याच्या नजरेत शाळेच्या अंदाजपत्रकाची सुरुवात पालकांच्या बैठकीत होते. आपण मात्र ही खुर्ची रिकामी ठेवली आणि गावातल्या पुढाऱ्याने तिच्यावर आपला माणूस बसवला.

पैसा किती, हेही माहीत असावे. समग्र शिक्षा अभियानाच्या निकषांनुसार ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,००० आणि त्यावर एक लाख रुपये संयुक्त शाळा अनुदान आहे. त्यातील किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे आहेत. ही रक्कम मोठी नाही. म्हणूनच तिच्यातला एक रुपयाही वाया जाता कामा नये. आणि निकषाप्रमाणे पूर्ण रक्कम, वेळेवर येते का, हा प्रश्नही तितक्याच जोराने वर विचारला पाहिजे. हिशेब फक्त मुख्याध्यापकाने द्यायचा आणि मंत्रालयाने द्यायचा नाही, असे कसे चालेल?

वरून कारभार हाकला की काय होते, याचे उदाहरण ताजे आहे. समग्र शिक्षेत मुलाला दोन गणवेशांसाठी ६०० रुपये मिळतात. हा खर्च शाळा व्यवस्थापन समित्या करीत होत्या. २०२४ मध्ये राज्याने 'एक राज्य एक गणवेश' म्हणत कापडाची खरेदी राज्यपातळीवर नेली. शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी अनेक मुलांच्या अंगावर गणवेश नव्हता, आणि जे आले त्यांच्या मापाच्या तक्रारी राज्यभर झाल्या. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि अधिकार पुन्हा समित्यांकडे दिले. आपल्या पोराचे माप आईला ठाऊक असते, मुंबईतल्या ठेकेदाराला नाही, एवढे कळायला एक शैक्षणिक वर्ष खर्ची पडले.

आता 'काटकसर' या शब्दाकडे वळू. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने पुढे आणला. अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक होत्या. कारण काय, तर इतक्या कमी मुलांवर इतका खर्च परवडत नाही! पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असली पाहिजे, असे नियम सांगतात. तांड्यावरची, पाड्यावरची, वस्तीवरची शाळा बंद झाली तर सर्वात आधी मुलगी घरी बसते. ही काटकसर नव्हे, हा खर्च आपल्या लेकींच्या नावावर टाकणे आहे.

पैसा खरा कुठे गळतो ते पाहा. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा कागदावरची लाखो मुले वर्गात सापडली नाहीत. त्या बोगस पटावर तुकड्या, शिक्षक आणि अनुदाने चालू होती. २०२५ मध्ये नागपुरात बोगस शालार्थ आयडीचे प्रकरण उघडकीस आले. बनावट नेमणुका दाखवून शासकीय तिजोरीतून पगार उचलल्याचा आरोप त्यात झाला आणि शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांना अटक झाली. हे वस्तीवरच्या पंधरा मुलांनी केले काय?

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हाच हिशेब मांडला होता. शेतसारा कष्टकरी भरतो आणि त्या पैशातून शिक्षण मात्र वरच्यांच्या मुलांचे होते, असा तो आक्षेप होता. बाबासाहेब तर सार्वजनिक वित्ताचे प्रकांड पंडित. मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी आकडे ठेवले की सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. त्याच भाषणात त्यांनी दाखवले की शाळेत येणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात. जे मूल मध्येच गळते आणि पुन्हा निरक्षर होते, त्याच्यावरचा खर्च वाया जातो, हे त्यांचे गणित होते. खर्च कमी केला की काटकसर झाली, असे त्यांनी मानले नाही. मूल शिकून बाहेर पडले की खर्च सार्थकी लागला, ही त्यांची फूटपट्टी. पुढे मे १९४९ मध्ये संविधान सभेत त्यांनी महालेखापरीक्षक हे पद न्यायव्यवस्थेपेक्षाही महत्त्वाचे असल्याचे मत मांडले. हिशेब तपासण्याला त्यांच्या लेखी एवढे मोल होते.

मग आपण काय करावे? पहिले, समितीची निवड पालकसभेत होते, त्या दिवशी मजुरी बुडाली तरी हजर राहा. दुसरे, न वाचता सही करू नका. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणा. तिसरे, रोकडवही, साठा नोंदवही आणि हजेरीपट एकत्र ठेवून पाहा. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य आहे. पाचवीपर्यंतची ४० मुले हजर असतील तर चार किलो तांदूळ शिजला पाहिजे. हे गणित कोणतीही आई करू शकते. चौथे, कागद दाखवत नसतील तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही शुल्क नाही आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. पाचवे, तरीही दाद लागली नाही तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. तीन महिन्यांत तिचा निर्णय द्यावा, असे कायदा सांगतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. मास्तरांना चोर ठरवण्याची ही मोहीम नव्हे. अनेक शिक्षक पदरचे पैसे घालून खडू आणतात. अनुदान उशिरा येते तेव्हा दुकानदाराची बोलणी तेच खातात. चोख हिशेब हा अशा शिक्षकाचा आधार आहे. आपण प्रश्न विचारू लागलो, तर वरच्या दबावाला नाही म्हणायचे बळ त्यालाही येईल.

ज्यांना परवडते ते आपली मुले घेऊन खासगी शाळेत गेले. सरकारी शाळेत आज उरली आहेत ती आपली मुले. ती शाळा बुडाली तर आपल्याला दुसरी शाळा नाही. तेव्हा येत्या जयंतीचा जमाखर्च लिहाल, त्याच फळ्याच्या दुसऱ्या बाजूला वस्तीतल्या शाळेचा जमाखर्च लिहा. आकडे मिळाले नाहीत तर ती जागा कोरी ठेवा आणि वर मोठ्या अक्षरात लिहा : हिशेब मिळाला नाही. मग बघा, किती दिवस कोरी राहते ती.