आधी विद्यार्थी, मग शिक्षक

परदेशातील दूरच्या वस्तीत स्वेच्छेने शिकवावयास जाणाऱ्याची पहिली परीक्षा वर्गाबाहेरच होते. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी 1 मार्च 1961 रोजी ‘पीस कोअर’ ही स्वयंसेवकांची संस्था स्थापिली. तिची पहिली तुकडी, पन्नासएक तरुण शिक्षकांची, 30 ऑगस्टला घानाची राजधानी आक्रा येथे उतरली. 1957 साली स्वतंत्र झालेल्या त्या देशातील माध्यमिक शाळांना शिक्षकांची निकड होती. विमानतळावरच या तरुणांनी तेथील त्वी भाषेत गीत म्हटले. यजमानाची भाषा ओठांवर घेऊन आलेला पाहुणा फार काळ परका राहत नाही, हे परप्रांती पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपणा मराठी कुटुंबांना निराळे सांगावयास नको. आजही या संस्थेत सेवेपूर्वी सुमारे तीन महिने प्रशिक्षण असते. स्थानिक भाषा हा त्याचा गाभा.

सेवेची मुदत मात्र दोनच वर्षांची. मुलांना शिक्षकाचा लळा लागतो, तोच त्याची निघण्याची वेळ येते. मागे रिकामी खुर्ची उरली, तर ती सेवा अपुरीच म्हणावयाची. म्हणून जाणाऱ्याने पहिल्या दिवसापासून स्थानिक शिक्षकास सोबत घ्यावे, पाठ त्याच्यासह आखावेत. निरोपाच्या दिवशी फळ्यापाशी गावचाच माणूस उभा असावा; खरी गुरुदक्षिणा तीच.