झोंबी आले, चॉकलेटचं रक्त घेऊन!

दोस्तांनो, भुतांच्या जगातही गरीब-श्रीमंत असतात, ठाऊक आहे का तुम्हाला? ड्रॅक्युलाचंच घ्या. त्याला राहायला किल्ला लागतो, अंगावर काळा झगा लागतो, फिरायला घोडागाडी लागते. गॉडझिला आला, तर त्याला तुडवायला अख्खं शहर उभारून द्यावं लागतं. डायनोसॉर तर फारच खर्चिक पाहुणा!

आणि झोंबी? बिचाऱ्याला एक फाटका शर्ट द्या, केस विस्कटून द्या, डोळ्यांखाली काजळ फासा आणि एक पाय ओढत चालायला सांगा. झाला झोंबी तयार! म्हणूनच ज्यांच्या खिशात पैसा नाही पण डोक्यात सिनेमा आहे, अशा मंडळींचं हे सगळ्यात लाडकं भूत. कुठल्याही बड्या कंपनीच्या मदतीवाचून, पदरमोड करून बनवलेल्या सिनेमाला ‘स्वतंत्र सिनेमा’ म्हणतात. मी भुताच्या सिनेमांचा पक्का शौकीन. पण मोठमोठ्या झोंबीपटांपेक्षा मला हे पदरमोडीचे झोंबीच जास्त आवडतात. का, ते आज सांगतो.

आधी हे झोंबी आले कुठून, ते बघू. कॅरिबियन समुद्रात हैती नावाचा देश आहे. तिथे फ्रेंचांचं राज्य असताना उसाच्या मळ्यांत राबवायला आफ्रिकेतून माणसं पकडून आणत. जन्मभर गुलामी. मेल्यावर तरी सुटका होईल, एवढीच काय ती आशा. त्या लोकांच्या गोष्टींतला झोंबी म्हणजे मेल्यावरही सुटका न झालेला माणूस. मांत्रिक त्याला थडग्यातून उठवतो आणि मग तो न बोलता, न कुरकुरता मालकासाठी राबत राहतो. म्हणजे बघा, हैतीच्या लोकांना झोंबीची भीती वाटत नव्हती. आपणच झोंबी होऊ, याची भीती वाटत होती! पुढे १८०४ साली या गुलामांनी लढून देश स्वतंत्र केला, पण गोष्ट मात्र उरली. १९३२ साली अमेरिकेत ‘व्हाइट झोंबी’ नावाचा सिनेमा निघाला आणि झोंबी पडद्यावर चालू लागला. तो सिनेमाही छोट्या निर्मात्यांनीच काढला होता, बरं का!

पण आज आपण ज्याला झोंबी म्हणतो, तो झुंडीनं येणारा, माणसं खाणारा झोंबी जन्मला अमेरिकेतल्या पिट्सबर्ग गावाजवळ, १९६७ साली. जॉर्ज रोमेरो नावाचा २७ वर्षांचा तरुण तिथे मित्रांबरोबर जाहिरातींच्या फिल्म बनवायचा. लहान मुलांच्या एका प्रसिद्ध टीव्ही कार्यक्रमासाठीही त्यानं काम केलं. त्यातली एक फिल्म होती टॉन्सिलच्या ऑपरेशनवर. आपण बनवलेली सगळ्यात भीतिदायक फिल्म तीच, असं तो पुढे गमतीनं सांगायचा!

या मंडळींना आता खराखुरा सिनेमा काढायचा होता. पैसे कोण देणार? मग त्यांनी आपल्या गणपतीला काढतो तशी वर्गणी काढली. दहा जण, प्रत्येकी ६०० डॉलर. झाले सहा हजार. तेवढ्यावर शूटिंग सुरू केलं, आणखी लोकांना गाठलं आणि करता करता सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये सिनेमा पुरा केला. हॉलिवूडच्या मानानं ही रक्कम म्हणजे चिल्लर!

मग काटकसर कशी केली? इव्हान्स सिटी गावाजवळ एक जुनं घर पाडायचं होतं, तेच मिळवलं. नळाला पाणी नव्हतं, पण दारं-खिडक्या खुशाल फोडता येत होत्या. झोंबी म्हणून गावकरी आणि ओळखीपाळखीची माणसं उभी केली. आणि रक्त? चक्क चॉकलेटचं सिरप! सिनेमा कृष्णधवल होता ना, मग तपकिरी काय आणि लाल काय! पडद्यावर दोन्ही काळंच दिसतं.

आणखी एक गंमत ऐका. सुरुवातीच्या प्रसंगात जी मोटार दिसते, ती निर्माता रसेल स्ट्रायनर याच्या आईची. शूटिंग अर्धवट झालेलं असताना ती मोटार कुठेतरी ठोकली गेली आणि तिला पोचा पडला. आता? दुसरी मोटार आणायला पैसे नाहीत. मग रोमेरोनं गोष्टच बदलली. पळून जाणाऱ्या नायिकेची मोटार झाडावर आदळते, असा प्रसंग त्यानं घातला. पोचा कसा पडला, याचं उत्तर सिनेमातच मिळालं!

सिनेमाचा नायक होता ड्वेन जोन्स हा कृष्णवर्णीय नट. त्या काळी अमेरिकेत कृष्णवर्णीय नटाला अशी मुख्य भूमिका क्वचितच मिळे. रोमेरोनं त्याला निवडलं, कारण चाचणीत सगळ्यात सरस काम त्याचंच झालं होतं. कुठल्या बड्या साहेबाची परवानगी काढायची नव्हती. स्वतंत्र असण्याचा हा खरा फायदा!

१ ऑक्टोबर १९६८ रोजी पिट्सबर्गमध्ये ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ झळकला आणि पुढे तुफान चालला. गंमत म्हणजे त्यात ‘झोंबी’ हा शब्द एकदाही येत नाही.

पण एक घोटाळा झाला. सिनेमाचं आधीचं नाव वेगळं होतं. त्या जुन्या नावाच्या पाटीवर ‘याचे हक्क आमचे’ अशी कॉपीराइटची ओळ होती. वितरकानं नाव बदललं, नवी पाटी घातली आणि ती ओळ नव्या पाटीवर आलीच नाही! तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार ती ओळ नसली, तर हक्क गेले. मग काय? कुणीही उठावं, सिनेमाच्या प्रती काढाव्यात आणि विकाव्यात. वर्षानुवर्षं तो दाखवला गेला, पण त्यातल्या बऱ्याच कमाईतला छदामही वर्गणी काढणाऱ्या त्या दोस्तांना मिळाला नाही.

वाईट वाटलं ना? मलाही वाटतं. पण त्यातून एक आक्रीत घडलं. हा सिनेमा कुणालाही दाखवता येत असल्यानं तो घरोघरी, गावोगावी पोहोचला. तो पाहून जगभरातल्या पोरांना वाटलं, ‘अरे, हे तर आपल्यालाही जमेल!’

अशीच एक पोर म्हणजे एमिली हॅगिन्स. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातली. झोंबीपट पाहून हिलाही वाटलं, आपण असा सिनेमा काढावा. तिनं कथा लिहिली आणि शूटिंगला हात घातला तेव्हा तिचं वय होतं फक्त १२ वर्षं! म्हणजे तुमच्यापैकी सातवीत असतील त्यांच्याएवढी. पाच मिनिटांची फिल्म नव्हे हं, चांगला तासाभराहून मोठा सिनेमा. नाव ‘पॅथोजेन’, म्हणजे रोगाचा जंतू. पाण्यातून रोग पसरतो आणि शाळेतल्या मुलांपुढे झोंबी उभे राहतात, अशी गोष्ट.

नट म्हणजे वर्गातली आणि ओळखीची मुलं. शूटिंग सुट्टीत, नाहीतर शनिवार-रविवारी. आणि बाकीची सगळी कामं करायला? एमिलीची आई! मुलांना गाडीतून आणणं-नेणं, माईक धरून उभं राहणं, तोंडाला झोंबीचे व्रण रंगवणं... मायलेकींची भांडणंही झाली. दिग्दर्शक मुलगी आईला हुकूम सोडते, मग आई चिडणार नाही तर काय! आणि चिडून झाल्यावर तीच आई पुन्हा माईक उचलते. मोठी माणसंही जिथे कंटाळून मधेच सोडून देतात, तिथे या दोघींनी काम तडीस नेलं. २००६ साली ऑस्टिनच्या थिएटरात तिकीट काढून लोक ‘पॅथोजेन’ बघायला आले. या खटाटोपावर ‘झोंबी गर्ल’ नावाचा माहितीपट निघाला, तो २००९ साली दाखवला गेला. एमिली थांबली नाही. मोठेपणीही ती सिनेमेच बनवत राहिली.

तिकडे इंग्लंडमध्ये मार्क प्राइस नावाच्या तरुणानं ‘कॉलिन’ हा सिनेमा काढला. २००८ सालची गोष्ट. खर्च किती सांगू? पंचेचाळीस पौंड! त्यात एक पहार, कॅमेऱ्याच्या टेप आणि कामाला आलेल्यांना चहा-बिस्किटं. कॅमेरा जुनापुराणा, माणसं फुकटात आलेली. पण कल्पना नवी होती. या सिनेमात सगळी गोष्ट घडते ती खुद्द झोंबीबरोबर. आपण त्याच्या मागोमाग हिंडतो आणि हळूहळू त्याची कीव येऊ लागते. हा सिनेमा २००९ साली फ्रान्समधल्या कान इथे जाऊन पोहोचला!

आणि जपान? तिथे शिनइचिरो उएदा या दिग्दर्शकानं २०१७ साली एक सिनेमा केला. इंग्रजीत त्याचं नाव ‘वन कट ऑफ द डेड’. अभिनय आणि सिनेमा शिकवणाऱ्या एका संस्थेचा तो उपक्रम होता. एकही नट नावाजलेला नाही. खर्च सुमारे ३० लाख येन. पहिली ३७ मिनिटं कॅमेरा न थांबता एकच शॉट! ती पाहताना तुम्हाला वाटेल, काय हा भिकार सिनेमा! पण उठू नका, बसून राहा. पुढे काय होतं ते मी सांगणार नाही, मारलंत तरी नाही. एवढंच सांगतो, की पडद्यामागं घाम गाळणाऱ्या माणसांवर इतका गोड सिनेमा मी दुसरा पाहिलेला नाही. २०१८ साली टोकियोतल्या फक्त दोन थिएटरांत तो लागला. बघणाऱ्यांनी दुसऱ्यांना सांगितलं, दुसऱ्यांनी तिसऱ्यांना, आणि बघता बघता तो तीनशेहून जास्त थिएटरांत पोहोचला. कमाई खर्चाच्या हजारपटीच्या वर!

आपल्याकडेही २०२२ साली आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ आला, आठवतो? डोंबिवलीतच झोंबी! तो काही वर्गणीचा सिनेमा नव्हता, पण झोंबी अस्सल मराठी बोलणाऱ्यांच्या गल्लीत आणता येतो, हे त्यानं दाखवून दिलं. रोमेरो २०१७ साली वारला. त्याची मुलगी टीना हिनं २०२५ साली आपला पहिला झोंबीपट आणला. म्हणजे दुकान अजून चालू आहे!

आता कॅमेरा प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. तेव्हा असे छोटे झोंबीपट यापुढे येतच राहणार. त्यातला चांगला कसा ओळखायचा? मी तीन गोष्टी बघतो. पहिली, झोंबी येण्याआधी सिनेमातली माणसं मला आवडू लागली का? ती आवडली नाहीत, तर त्यांना झोंबीनं खाल्लं काय आणि सोडलं काय! दुसरी, पैसे नव्हते तिथे डोकं चालवलं का? मोटारीच्या पोच्यासारखं! आणि तिसरी, रक्ताचे पाट काढून टाकले की रक्ताशिवाय काही उरतं का? या तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर सिनेमा फाटका असला तरी मला चालतो. झोंबी म्हणजे ज्याला स्वतःची मर्जी उरली नाही असा जीव. आणि हे सिनेमे काढणारी माणसं? कुणी सांगितलं नाही, कुणी पैसे दिले नाहीत, तरी केवळ स्वतःच्या मर्जीनं राबणारी! म्हणून मला ती आवडतात.

आता दोन शब्द आई-बाबांशी. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ लागला तेव्हा अमेरिकेत वयानुसार सिनेमाचे गट पाडण्याची पद्धत नव्हती. ती सुरू झाली महिन्याभरानं, १ नोव्हेंबर १९६८ ला. त्यामुळे दुपारच्या खेळाला चिमुरडी पोरं एकेकटी जाऊन बसली. समीक्षक रॉजर ईबर्ट अशाच एका खेळाला गेला होता. सुरुवातीला मुलं मजेत किंचाळत होती, मग एकदम चिडीचूप झाली, आणि एक चिमुरडी तर चक्क रडत होती, असं त्यानं लिहून ठेवलंय. तेव्हा आधी दाखला बघा. आपल्याकडे २०२४ पासून ‘यूए’ दाखल्याचे तीन भाग झालेत: ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील आणि १६ वर्षांवरील. ‘ए’ म्हणजे फक्त मोठ्यांसाठी. वर सांगितलेले बरेचसे सिनेमे लहानांनी बघण्यासारखे नाहीत. दाखला नसेल, तर तुम्ही आधी स्वतः बघा आणि मगच मुलांना दाखवा. सोबत बसून बघितलंत तर उत्तमच.

बघायला वय लागतं, पण झोंबी बनायला लागत नाही! येत्या सुट्टीत गल्लीतली पोरं जमवा आणि पाच मिनिटांचा झोंबीपट काढून बघा. गच्चीवर शूटिंग करणार असाल तर शेजारच्या आजोबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर उगाच घाबरायचे. रक्तासाठी आईचं चॉकलेट सिरप वापरायचं असेल तर विचारून घ्या, आणि मोबाइल कृष्णधवलवर ठेवा. मधेच कुणी रुसेल, कुणी क्लासला जाईल, कुणाचा शर्ट खरंच फाटेल. तरी शेवटचा शॉट घेतल्याशिवाय सोडू नका.

आणि हो, शेवटी पाटीवर सगळ्यांची नावं आणि साल लिहा. आता ती ओळ नसली तरी कायद्यानं हक्क जात नाहीत. पण माईक कुणी धरला होता, हे लोकांना कळायला नको का?