सायकलची सहल आणि नकाशावरच्या रेषा

समजा, तुम्हाला वडगाव मावळहून लोणावळ्याला सायकलने जायचे आहे. द्रुतगती मार्गावर सायकलींना बंदी आहे. जुना मुंबई-पुणे महामार्ग सरळ आणि बराचसा सपाट आहे. अंतर पंचवीसेक किलोमीटर. पण त्यावर मालमोटारींची आणि बसगाड्यांची सतत वर्दळ असते. दुसरा रस्ता कामशेतहून डावीकडे वळतो, पवनानगरला पोहोचतो आणि पवना धरणाच्या जलाशयाच्या बाजूबाजूने, लोहगड-तुंग-तिकोना हे किल्ले दाखवीत, दुधिवरे खिंडीतून लोणावळ्याला जातो. हा रस्ता बराच लांब आहे, पण शांत आणि देखणा. मात्र त्यात चढ आहेत. ते आपल्याला झेपतील का, हे घरी बसून कसे ठरवायचे?

पहिले उत्तर नद्या देतात. पाणी नेहमी उताराकडे वाहते आणि मावळातल्या मोठ्या नद्यांचा उतार घाटमाथा सोडल्यावर मंद होतो. म्हणून नदीच्या खोऱ्यातून, तिच्या सोबतीने जाणारा रस्ता बहुधा सपाट असतो. जुना महामार्ग आणि लोहमार्ग हे दोन्ही इंद्रायणीच्या खोऱ्यातून जातात, ते काही उगीच नाही. पवना ही दुसरी नदी. ती इंद्रायणीच्या दक्षिणेला, जवळजवळ समांतर वाहते. या दोन खोऱ्यांच्या मध्ये डोंगरांची रांग आहे आणि लोहगड व विसापूर हे किल्ले तिच्यावरच उभे आहेत. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायचे म्हणजे ही रांग ओलांडणे आलेच. आपला शांत रस्ता ती दोनदा ओलांडतो : एकदा कामशेतहून पवनानगरकडे जाताना आणि पुन्हा दुधिवरे खिंडीत. रांगेतली सखल जागा म्हणजे खिंड. रस्ते खिंडी शोधतात, ते यासाठीच.

चढ कोठे आहेत, ते कळले. आता ते किती आहेत, हे पाहू या. त्यासाठी भारतीय सर्वेक्षण खात्याचा १ : ५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. त्यावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. नकाशावर तपकिरी रंगाच्या वळणावळणाच्या रेषा दिसतील. या समोच्च रेषा. एका रेषेवरची सर्व ठिकाणे समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असतात. या नकाशांत लगतच्या दोन रेषांमधील उंचीचा फरक बहुधा २० मीटर असतो. तरी नकाशाच्या तळाशी दिलेला आकडा पाहून खात्री करून घ्या. रेषा दूर दूर असतील तर जमीन सपाट. दाटीवाटीने असतील तर कडा.

एक उदाहरण घेऊ. चढाच्या एका टप्प्यात रस्ता ५ रेषा ओलांडतो. पाच रेषा म्हणजे चार अंतरे, म्हणून चढ ८० मीटर. रस्त्यावर दोरा ठेवून तो मोजला, तर भरला ३.२ सेंटिमीटर, म्हणजे १,६०० मीटर. १,६०० ला ८० ने भागले की २० येतात. हा चढ ‘२० ला १’ झाला. कर्जत-लोणावळा दरम्यानच्या बोरघाटात १८६३ साली रेल्वे सुरू झाली. तिथला सर्वांत तीव्र चढ ‘३७ ला १’ आहे, तरीही गाडीला मागून ढकलायला जादा इंजिने लावावी लागतात. यावरून ‘२० ला १’ म्हणजे काय, याची कल्पना येईल.

आता सायकलीकडे वळू. साध्या, गिअर नसलेल्या सायकलीच्या पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्या चक्राला १८ दाते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. तेवढ्यात तुमचे पाऊल फिरते सुमारे १.०७ मीटर. म्हणजे सायकल पावलाच्या पाचपट अंतर तोडते. साहजिकच पावलाला पाचपट जोर लावावा लागतो. तुमचे वजन ५० आणि सामानासह सायकलीचे २० किलोग्रॅम धरा. ‘२० ला १’ चढावर सायकलीला मागे ओढणारे बल ७० चा विसावा भाग, म्हणजे ३.५ किलोग्रॅम-भार असते. पेडलवर सरासरी १७.५ लागले. ‘१० ला १’ चढावर हाच आकडा ३५ होतो. पण पेडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना जोर जवळजवळ वाया जातो. ती तूट पेडल आडवे असताना भरून काढावी लागते, आणि तेव्हा सुमारे ५५ किलोग्रॅम-भार लागतो. हे तर तुमच्या वजनाहूनही जास्त झाले! पेडलवर नुसते उभे राहून भागणार नाही. हँडल ओढावे लागेल. असा चढ लांब असेल, तर खाली उतरून सायकल हातात धरून चालणे हेच शहाणपणाचे.

वेळेचे गणितही सोपे आहे. ७० किलोग्रॅम १०० मीटर वर न्यायला सुमारे ६८,६०० ज्यूल ऊर्जा लागते. शाळकरी मुलगा किंवा मुलगी बराच वेळ ७५ वॅट शक्ती देऊ शकते असे धरले, तर त्याला सुमारे १५ मिनिटे लागतील. म्हणून नियम असा : दर १२ किलोमीटरला एक तास, आणि दर १०० मीटर चढाला पाव तास जादा. समजा, वाट ४० किलोमीटरची आहे आणि एकूण चढ ३०० मीटर आहे. मग ३ तास २० मिनिटे आणि ४५ मिनिटे, एकूण ४ तास ५ मिनिटे. विश्रांती आणि पंक्चर यांचा वेळ निराळा. परतीचा प्रवास सूर्यास्तापूर्वी संपेल, अशा बेताने निघण्याची वेळ उलट मोजत ठरवा.

चढ संपला की काळजी संपली, असे मात्र समजू नका. खरा धोका उतारावर असतो. १५० मीटर चढताना साठवलेली सुमारे एक लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा उतरताना कोठेतरी जायलाच हवी. वेग वाढू द्यायचा नसेल, तर तिचा बराच भाग ब्रेकच्या रबरी गुटक्यांत आणि रिममध्ये उष्णता होऊन बाहेर पडतो. एवढ्या उष्णतेने ३०० मिलिलिटर थंड पाणी उकळीला येईल! म्हणून ब्रेक सतत दाबून धरू नये; मधून मधून दाबावा, आणि वळणाच्या आधीच वेग कमी करावा. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ओल्या रिमवर गुटके घसरतात आणि सायकल थांबायला कितीतरी जास्त अंतर लागते. शिवाय पावसाळी वारा पश्चिमेकडून, म्हणजे लोणावळ्याला जाताना थेट तोंडावर येतो. तेव्हा ही सहल पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान काढावी. शनिवार-रविवारी पवनेकडे पर्यटकांच्या मोटारींची गर्दी असते. आडवारची सुट्टी निवडलेली बरी.

तुम्ही मावळात राहत नसाल, तरी हे सारे तुमच्या तालुक्यालाही लागू आहे. वर्गात चौघाचौघांचे गट करा. नकाशावर आधी नद्या निळ्या पेन्सिलीने गिरवा, मग त्यांच्यामधल्या रांगा आणि खिंडी शोधा. आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्या अक्षावर उंची घेऊन आलेख-कागदावर रस्त्याचा छेद काढा. ‘१५ ला १’ पेक्षा तीव्र टप्पे लाल करा. मोठ्या माणसांसोबत सहलीला जाल, तेव्हा तो कागद बरोबर ठेवा आणि जिथे जिथे सायकलीवरून उतरावे लागले, तिथे खूण करा. त्या खुणा लाल टप्प्यांवरच येतात का, ते पाहा.