नर चितळाची प्रौढता आणि ‘शिंग’ हा शब्द

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात, बोर धरणाच्या परिसरातील सागवानी जंगलास २०१४ मध्ये व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. चितळ हे वाघाचे एक प्रमुख भक्ष्य. म्हणून चितळांच्या कळपात माद्या किती, पाडसे किती आणि प्रौढ नर किती, ह्या नोंदींस महत्त्व आहे. ह्यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नवा निरीक्षक बहुधा शिंगे पाहून देतो, आणि तेथेच फसतो.

ह्या फसगतीस काही अंशी भाषाही कारणीभूत असावी. मराठीत गाईचे, काळविटाचे आणि चितळाचे शिंग एकाच शब्दाने ओळखले जाते. वस्तुतः गाई-काळविटांचे शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावर चढलेले, नखासारख्या द्रव्याचे आवरण होय. ते गळत नाही. चितळाचे शिंग निव्वळ हाडाचे. ते गळून पडते व पुन्हा नव्याने उगवते. गोठ्यातील अनुभवावरून बनलेले ‘शिंग मोठे तर वय मोठे’ हे अनुमान अशा रीतीने भलत्याच प्राण्यास लागू केले जाते.

चितळाचे पहिले शिंग बिनफाट्याचे, सुळ्यासारखे असते. पुढे प्रत्येक बाजूस सामान्यतः तीन टोके होतात, आणि वयाबरोबर त्यांची संख्या वाढत जात नाही. तेव्हा टोके मोजून वय निघत नाही. शिवाय थंड प्रदेशांतील हरणांची शिंगे ठराविक ऋतूत गळतात, तसे चितळांत कडक बंधन नाही. कोणत्याही महिन्यात एखादा नर मखमली शिंगांचा आढळतो. बोटभर कोंब फुटलेला पोक्त नर आणि कठीण शिंगांचा तरुण नर शेजारी चरत असले, तर घाईत पहिल्याची गणना पोरक्यांत होते. नुकतीच शिंगे गळालेला नर तर लांबून मादीच वाटावा !

म्हणून दृष्टी आधी धडाकडे वळवावी लागते. जवळच्या प्रौढ मादीशी तुलना करणे हा सर्वांत भरवशाचा उपाय. तरुण नर उंचीने तिच्याएवढा असला तरी मान सडपातळ राहते; प्रौढाची मान जाड, छाती खोल, आणि चेहऱ्यावरील काळसर पट्टा गडद असतो. शिंगाचे बूडही वयाबरोबर जाड होते, पण त्यासाठी दुर्बीण हवी. जनावर बिचकून मान उंचावते तेव्हा मोठा नरही सडसडीत दिसतो. चरताना, बाजूने केलेले निरीक्षणच ग्राह्य धरावे. अमेरिकेतील म्यूल डिअर ह्या हरणाच्या बाबतीतही जाणते लोक शिंगांआधी छाती व पोट पाहतात. नेमकी वर्षे मात्र सांगता येत नाहीत. त्यांसाठी दात तपासावे लागतात, आणि ते बहुधा मृत जनावराचेच हाती लागतात.

वाशीम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्यात प्रश्न निराळा आहे. काळविटाच्या शिंगाचे पीळ वयाबरोबर वाढतात, त्यामुळे तेथे शिंग खरोखरच काही सांगते. पाठीचा काळा रंग मात्र ऋतुमानाप्रमाणेही फिका-गडद होतो.

बोरच्या नोंदवहीत ‘गळालेली’, ‘मखमली’, ‘कठीण’ असा शिंगांचा रकाना वयाच्या रकान्यापासून वेगळा आखावा, आणि वयाचा रकाना आधी भरावा.